यंत्राला कुठं कळतं, मुलगा की मुलगी?

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध शाळेत आपण सगळ्याजणींनी लिहिलाय. अर्धं पान वरदान, अर्धं पान शाप आणि शेवटी 'माणसाने विज्ञानाचा योग्य वापर करावा' असं लिहिलं की सुटलो! पण मैत्रिणींनो, विज्ञान जणू आभाळातून पडतं आणि आपण ते फक्त झेलतो, असंच त्या निबंधात वाटायचं.

खरं तसं नसतं. कोलकात्यात जन्मलेल्या आणि अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या शीला जॅसनॉफ यांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. विज्ञान समाजाला घडवतं आणि त्याच वेळी समाज विज्ञानाला घडवतो, असं त्या म्हणतात. कणीक मळल्यावर पीठ कुठलं नि पाणी कुठलं, हे वेगळं काढता येतं का? तसंच हे.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ, सोनोग्राफीचं. धातूच्या आत कुठं चीर आहे का, हे ध्वनिलहरींनी शोधणारी यंत्रं कारखान्यांत होती. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली अशाच एका यंत्राखाली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी ठेवून पाहिल्या. गाठ भरीव आहे की पाण्याची, हे त्यातून समजू लागलं. १९५८ साली त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे याच तंत्रानं पोटातलं बाळ दिसू लागलं. बाळ आडवं आहे का, जुळी आहेत का, वार खाली आहे का, हे आधीच कळल्यामुळे कितीतरी बायांचे जीव वाचले.

आपल्याकडे हे यंत्र आलं तेव्हा मात्र इथला प्रश्न आधीच तयार होता. मुलगी म्हणजे परक्याचं धन, मुलगा म्हणजे वंशाचा दिवा. हुंडा, म्हातारपणाची काठी, मालमत्तेचा वारस हे सगळं त्या पडद्यासमोर जाऊन बसलं. बचत गटाच्या एका बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "अगं, मशीनला काय कळतंय मुलगा काय नि मुलगी काय? विचारणारा माणूसच की!" पुस्तकातलं तत्त्व त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

यंत्रानंही आपलं काम केलं. पूर्वी मुलगा हवा म्हणून बाळंतपणांवर बाळंतपणं व्हायची. आता निवड करता येऊ लागली आणि जुनी इच्छा जास्त धारदार झाली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८९४.

पण समाज म्हणजे नुसती सासू आणि शेजारीण नव्हे. रस्त्यावर उतरलेल्या स्त्री संघटनाही समाजच. गर्भजलपरीक्षेविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रात झाला. १९९४ साली देशाचा कायदा आला. तो कागदावरच राहतोय म्हटल्यावर २००० साली 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आज नोंदणी नसलेल्या केंद्राला सोनोग्राफीचं यंत्र विकताही येत नाही. गरोदर बाईची तपासणी केली की अर्ज भरून ठेवावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यात तर यंत्रांवर नजर ठेवायला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवलं गेलं. म्हणजे समाजाच्या दोषावर उपाय म्हणून यंत्रालाच दुसरं यंत्र जोडलं!

या कायद्यातली एक गोष्ट प्रत्येकीला माहीत हवी. लिंगतपासणी झाली, तर बाईवर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे समोरच्यानं सिद्ध करायचं. म्हणून घाबरून गप्प बसू नका.

तरीही कायद्याचं यंत्र घराच्या आत पोचत नाही. डोहाळजेवणात आपण दोन वाट्या झाकून ठेवतो, पेढा की बर्फी? पेढा निघाला की टाळ्या. बर्फी निघाली की "असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी." हे 'असू दे' कुठल्या यंत्रानं शिकवलं? ते आपणच शिकवतो, हसत हसत, ओटी भरता भरता. आमच्या मंडळात आम्ही तो खेळ बंद केला आणि मुलगी झाली तरी पेढेच वाटायचं ठरवलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. पण पेढे सगळ्यांनीच खाल्ले!