राजीचा त्रिशूळ आणि पैठणची चित्रपोथी

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन डावांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐन पोळ्याच्या सुमारास, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्यानंतर महिना पुरा होण्यापूर्वीच राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंग या उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे, २०५० सालापर्यंतचे धोरण मंजूर केले. दोन्ही वार्तांचा तपशील वाचकांच्या वाचनात आलेला असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. मात्र बंदी कशावर आणि अनुदान कशाला, एवढ्यावरच चर्चा थांबली. जो गेम उत्तेजनास पात्र ठरावा त्याची घडण कशी असते, त्याचे गुणदोष कोणत्या दृष्टीने पारखावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, याची खंत मनात राहिली आणि त्या खंतीतूनच हा लेख लिहावयास घेतला.

आमचे बिडकीन हे पैठण रस्त्यावरचे गाव. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनींचे सातबारे पालटले आणि २०२४ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांनी ती वसाहत राष्ट्रास अर्पण केली, तेव्हापासून हे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार येते. या रस्त्यावरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर सायंकाळी मुले मोबाइलवर गोळीबाराचे गेम खेळत बसलेली दिसतात. त्यांची तन्मयता पाहिली की या मुलांना आपल्या मुलखातली एखादी गोष्ट अशाच तन्मयतेने खेळावयास मिळेल का, असे मनात येते. या प्रश्नाला एक उत्तर पुण्यात २०२० सालीच तयार झालेले आहे. त्याचे नाव ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’.

‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या संस्थेचा हा ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम प्रथम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला. तत्पूर्वी, २०१७ साली, लोकवर्गणीतून भांडवल उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःची सदनिका विकून काम पुढे रेटले. २०२० च्याच ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत या गेमचे नाव आले. कथा साधी आहे: सर्कशीत वाढलेली राजी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारा महाबलासुर, आणि भावाच्या शोधात निघालेल्या या पोरीला दुर्गेने दिलेला त्रिशूळ.

या गेमचा श्रेष्ठ गुण कोणता, असे कोणी विचारल्यास मी त्यातील युद्ध सांगणार नाही, अंतर सांगेन. बहुसंख्य गेमांत कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे चिकटलेला असतो. येथे तो दूर, उंचावर, एका जागी थांबतो आणि राजस्थानी धाटणीच्या प्रचंड वास्तूच्या कमानीखाली, तटाच्या कडेने, खांबांच्या रांगेतून ती इवलीशी मुलगी धावत जाते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून, वरून खाली कोरत आणलेल्या त्या शंभर फुटांहून उंच कड्याकडे मान वर करून ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला हा अनुभव नवा नाही: वास्तू बोलते आणि माणूस आपले माप ओळखतो. रंगही त्याच जाणिवेने योजलेले आहेत. पृष्ठभाग पहाडी लघुचित्रांच्या छायेत हाताने रंगविलेले, भिंतींवर पुराणकथांची चित्रे, आणि राजी त्या चित्रांपाशी थांबली की दुर्गा व विष्णू यांचे आपसातील संभाषण निवेदनाच्या रूपाने कानी पडते. देवता वरून पाहत आहेत म्हणून कॅमेरा वर आहे, अशी ही संगती आहे. रचनेतील तंत्र आणि कथेतील आशय यांचा असा मिलाफ मोठमोठ्या भांडवलाच्या गेमांतही क्वचित आढळतो.

युद्धाविषयी मात्र इतक्या उदारपणे लिहिता येत नाही. खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवर धाव घेऊन त्रिशूळ आपटण्याच्या चाली डोळ्यांना सुखावतात, हाताला मात्र त्या सुख देत नाहीत. माझा भाचा आठवी-नववीतला; दिवाणावर मांडी घालून, कंट्रोलर गुडघ्यावर टेकवून त्याने तासभर हा गेम खेळला आणि चार राक्षसांनी राजीला घेरलेल्या एका चौकात पाचव्यांदा हरल्यावर म्हणाला, “मामा, बटन दाबलं की लगेच फिरत नाही ही. मार खाल्ल्यावर फिरायली.” समीक्षेच्या परिभाषेत जे सांगावयास मला परिच्छेद लागला असता ते त्याने दोन वाक्यांत सांगितले. आज्ञा आणि कृती यांमध्ये पळभराचा जो विलंब पडतो तो घेरले गेल्यावर असह्य होतो, आणि दूरचा कॅमेरा, जो एरवी या गेमचे वैभव आहे, तोच अशा वेळी कोणता राक्षस पाठीशी आहे हे कळू देत नाही. शिवाय पाच-सहा तासांचा हा खेळ जेथे संपतो तेथे कथा संपत नाही, तुटते. फिरत्या चकत्या जुळवून राजीच्या आठवणींची चित्रे पूर्ण करावयाची कोडीही सोपी, जवळजवळ बालबोध आहेत. परंतु लढाईनंतरचा विसावा म्हणून मला ती आवडली.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लेखणी हाती घेतली तो मांडतो. राजीतील कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितले जातात, आणि पार्श्वभूमी पहाडी चित्रांची आहे. पुण्यातील कलावंतांनी हिमालयाच्या पायथ्याची चित्रशैली निवडली, ती त्यांनी निष्ठेने पेलली, आणि त्यात गैर काही नाही. परंतु बिडकीनहून अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेवर जे पैठण आहे, त्याच्या नावाने कलेतिहासात एक संपूर्ण चित्रपरंपरा ओळखली जाते. ही ‘पैठणची चित्रे’ म्हणजे चित्रकथींची चित्रे: जाड रेषा, टपोरे डोळे, भडक लाल-पिवळे रंग, आणि आकाश व्यापून टाकणारे बाण. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ही पाने पाठीला पाठ चिकटवून त्यांची पोथी करीत, आणि कथेकरी एकेक पान समोर उभे करून, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने आख्यान सांगे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला आणि तिच्यासोबत चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ आजतागायत सांभाळला; २०२१ साली परशुराम गंगावणे यांना मिळालेली पद्मश्री ही त्याच साधनेची पोच होय.

या परंपरेचे व्याकरण गेमच्या व्याकरणाशी किती जुळते ते पाहावे. चित्र स्थिर, आवाज चालता. प्रेक्षक एका जागी, प्रसंग पानापानाने पुढे सरकणारा. राजीचा थांबलेला कॅमेरा आणि वरून येणारे देवतांचे निवेदन यांत मला चित्रकथ्याचाच अवतार दिसला, आणि ज्या पोथीवरून तो कथा सांगू शकला असता ती पोथी आपल्याच दारात पडून आहे हे जाणवून हळहळ वाटली.

चिनी कलावंतांनी काय केले ते येथे सांगणे अगत्याचे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या गेमसाठी त्यांनी प्रत्यक्ष मंदिरांची, मूर्तींची त्रिमितीय मोजणी करून ती गेममध्ये उतरविली; दाखविलेल्या ३६ स्थळांपैकी २७ स्थळे एकट्या शान्शी प्रांतातील होती. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या आणि त्या प्रांताने आपले पर्यटनही या गेमच्या आधारे गाजविले. असा ठेवा आपल्याकडेही आहे: वेरूळला सिंहारूढ दुर्गा आणि शिंगे असलेला महिषासुर यांच्या युद्धाचे जे शिल्प कैलासात आहे, त्यापुढे उभे राहिल्यावर राजीच्या कथेचे बीज आपल्याच जिल्ह्यात दगडात कोरलेले आहे हे कोणाच्याही ध्यानी येईल.

शासनाला म्हणून एक विनंती आहे. ३,२६८ कोटींच्या तरतुदीतून इमारती उभ्या राहतील त्या राहोत; परंतु त्यापूर्वी वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पचित्रांची आणि संग्रहालयांतून विखुरलेल्या पैठण-पिंगुळीच्या पोथ्यांची नीट मोजणी व छायांकन करून ते दफ्तर महाराष्ट्रातील प्रत्येक होतकरू गेमकर्त्यास विनामूल्य खुले करावे, आणि चित्रकथींच्या वारसांना त्यांच्या कलेचे मानधन त्यात हक्काने मिळावे. राजीला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला. मराठी आवाज तिला अद्याप मिळालेला नाही.