क्रियाविशेषणाचा हुद्दा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर यांपैकी कोणत्याही स्थानकातून बाहेर पडावे आणि इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या एखाद्या वर्गाची पाटी दृष्टीस पडू नये, असे सहसा घडत नाही. आणि कचेरीचे काम आटोपून सायंकाळी त्या वर्गात येऊन बसणारे प्रौढ गृहस्थ असोत, किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत काळांची कोष्टके घोकून आलेली मुले असोत, भूतकाळाचे रूप त्यांस बहुधा बिनचूक येते. 'गो'चे 'वेन्ट' आणि 'सी'चे 'सॉ' करण्यात ती मंडळी चुकत नाहीत. परंतु त्याच रूपाच्या सोबतीस एखादे क्रियाविशेषण आणावयाचे झाले की वाक्याची घडी विसकटते. 'आय यस्टरडे वेन्ट टु बोरिवली', 'ही ओपन्ड स्लोली द डोअर', 'शी हार्ड वर्क्ड' अशी वाक्ये मग तोंडातून बाहेर पडतात. त्यांतील प्रत्येक शब्द शुद्ध असतो, अर्थही ऐकणाऱ्यास कळतो, आणि तरीही वाक्य इंग्रजी म्हणून मान्य होत नाही.

या दोषाचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. मुंबई राज्यात एके काळी इंग्रजीचा श्रीगणेशा आठव्या इयत्तेत होत असे, पुढे दीर्घकाळ तो पाचवीत होऊ लागला, आणि २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत तो पहिलीतच होतो. अभ्यासाची वर्षे वाढली, तरी क्रियाविशेषणाची जागा कोणती या प्रश्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी बदललेली नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले, आणि या परंपरेतून कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक असे क्रियाविशेषणांचे भेद आपल्या अंगवळणी पडले. हे भेद अर्थाचे आहेत, आणि अर्थाच्या दृष्टीने ते योग्यच आहेत. परंतु शब्द वाक्यात कोठे बसावा हे त्यांवरून ठरत नाही, कारण मराठीत ते ठरविण्याची निकड कधी भासलीच नाही.

ती का भासली नाही, याचा खुलासा भूतकाळी मराठी वाक्यातच सापडतो. 'रामने दार हळूच उघडले', 'दार रामने हळूच उघडले', 'हळूच रामने दार उघडले' ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्त्याच्या अंगावर 'ने' प्रत्ययाची मोहोर आहे, आणि 'उघडले' हे रूप लिंगवचनाने दाराशी बांधलेले आहे. तेव्हा शब्दांनी आपापल्या जागा बदलल्या तरी कोण करणारा आणि कशावर क्रिया घडली याविषयी संशय उरत नाही. मराठी वाक्यातील नामे जणू खिशात परवाना बाळगणाऱ्या कारकुनांसारखी आहेत. ती कोठेही बसली तरी त्यांचा हुद्दा कायम राहतो, तर इंग्रजीच्या कचेरीत ज्या खुर्चीवर बसावे तोच हुद्दा प्राप्त होतो. प्राचीन इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. अकराव्या शतकानंतरच्या काही शतकांत ते झिजत गेले, आणि प्रत्ययांनी सोडलेला अंमल शब्दक्रमाने हाती घेतला. कर्ता आधी, क्रियापद त्यामागे, आणि कर्म क्रियापदास चिकटून, हा शिरस्ता पक्का झाला. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये कोणी शिरू नये हा त्यातील कडक निर्बंध होय. 'ओपन्ड स्लोली द डोअर' कानाला खटकते ते याच कारणाने. तेथे 'स्लोली' एक तर क्रियापदाच्या आधी यावे, 'ही स्लोली ओपन्ड द डोअर', किंवा कर्माच्या पलीकडे जावे, 'ही ओपन्ड द डोअर स्लोली'.

आता या दोन जागा दिसण्यात समान असल्या तरी मानाने समान नाहीत, आणि मराठी माणसाची खरी फसगत येथे होते. मराठीत क्रियापदाच्या लगत पूर्वीची जागा ही भाराची जागा आहे. 'रामने दार हळूच उघडले' असे म्हटले म्हणजे दार उघडले हे जणू गृहीत असते, आणि ते कसे उघडले हे सांगण्यावर बोलणाऱ्याचा रोख असतो. इंग्रजीत सामान्यतः वाक्याचा भार शेवटाकडे सरकतो, त्यामुळे क्रियापदापूर्वीची जागा हलक्या, ओझरत्या उल्लेखाची ठरते. 'शी क्वाएटली क्लोज्ड द डोअर' या वाक्यात दार लावले ही वार्ता आहे, आणि आवाज न करता लावले ही जोडीची माहिती आहे. 'शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली' या वाक्यात आवाज न होणे हीच वार्ता आहे. म्हणजे मराठी सवयीप्रमाणे ज्या शब्दावर जोर द्यावा म्हणून आपण त्यास क्रियापदाशेजारी बसवितो, त्याच शब्दाचे वजन इंग्रजीत तेथे बसल्याने घटते. हा विरोध एकदा ध्यानात आला की पुष्कळसे नियम त्यातून आपोआप उलगडतात.

ओझरत्या उल्लेखाच्या जागी जे शोभतात तेच शब्द तेथे रुळले आहेत. 'ऑफन', 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'सून', 'फायनली', 'ऑलमोस्ट' हे शब्द क्रिया कितीदा, कितपत किंवा कोणत्या क्रमाने घडली एवढे सुचवून बाजूस होतात. म्हणून 'ही ऑफन वॉक्ड टु घाटकोपर' आणि 'शी फायनली पास्ड द एक्झाम' ही वाक्ये सहज वाटतात. याउलट 'यस्टरडे', 'लास्ट मन्डे' असे नेमकी तिथी सांगणारे शब्द स्वतःच वार्तेचा भाग असतात. त्यांना वाक्याच्या आरंभी किंवा अखेरीस जावे लागते, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये त्यांना मुभा नाही. 'हार्ड' आणि 'वेल' यांसही तेथे प्रवेश नाही. 'शी वर्क्ड हार्ड' असेच म्हटले पाहिजे. क्रियापदापूर्वी 'हार्डली' बसते खरे, परंतु 'शी हार्डली वर्क्ड' याचा अर्थ तिने जवळजवळ कामच केले नाही असा होतो, आणि प्रशंसापत्राचे तक्रारपत्र बनते.

काही शब्द दोन्ही जागी बसतात, पण अर्थ पालटून. 'ही स्टुपिडली आन्सर्ड द क्वेश्चन' याचा आशय असा की त्याने उत्तर दिले हाच मूर्खपणा झाला, मग ते उत्तर कितीही शहाणपणाचे असो. 'ही आन्सर्ड द क्वेश्चन स्टुपिडली' याचा आशय, त्याने दिलेले उत्तर मूर्खपणाचे होते. पहिल्या जागी शब्द बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगतो, दुसऱ्या जागी क्रियेची रीत सांगतो.

साहाय्यक क्रियापद आले की मात्र व्यवस्था किंचित बदलते. 'ही ऑफन वेन्ट', परंतु 'ही हॅड ऑफन गॉन'. आणि 'वॉज' हे एकटे असले तरी साहाय्यकासारखेच वागून पुढे सरते, 'ही वॉज ऑफन लेट'. याचे कारण ऐतिहासिक आहे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीतील मुख्य क्रियापदालाही असे पुढे सरण्याचा अधिकार होता, म्हणून 'आय नो नॉट' अशी रचना त्या काळी प्रचारात होती. पुढे मुख्य क्रियापदाने तो अधिकार गमावला, नकाराच्या आणि प्रश्नाच्या कामी 'डू' व 'डिड' यांची नेमणूक झाली, आणि क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या अलीकडे राहिले. फ्रेंच क्रियापदाने तो अधिकार अद्याप राखला असल्यामुळे फ्रेंच मनुष्य 'तो चुंबितो वारंवार मारीला' अशा क्रमाने बोलतो. या दोन भाषांच्या तुलनेवर ज्याँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ साली लिहिलेला निबंध भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे.

या सर्वांत मराठी माणसास अधिक छळणारा शब्द 'ओन्ली' होय. आपला 'च' ज्या शब्दाला लागतो त्यालाच निर्बंध घालतो. 'मला तुमचे पत्र कालच मिळाले' यात संदिग्धता नाही. त्याच धर्तीवर आपण 'आय रिसीव्ड युवर लेटर यस्टरडे ओन्ली' असे लिहितो. इंग्रज बोलताना 'आय ओन्ली रिसीव्ड युवर लेटर यस्टरडे' असे म्हणतो, म्हणजे 'ओन्ली' क्रियापदापूर्वी ठेवतो आणि आवाजाचा आघात मात्र 'यस्टरडे'वर देतो. शुद्धिवाद्यांनी या रूढीवर आक्षेप घेतला, तेव्हा फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात तिचा कैवार घेतला. बोलण्यात आघात मदतीला असतो म्हणून ही रूढी निभावते. कागदावर तो ऐकू येत नाही. म्हणून बोलताना 'ओन्ली' भूतकाळी क्रियापदापूर्वी निःशंकपणे ठेवावे, परंतु अर्ज, करारनामा किंवा कचेरीचा जबाब लिहिताना ते ज्या शब्दाविषयी आहे त्याच्या लगत पूर्वी, 'ओन्ली यस्टरडे' असे, लिहावे. मराठीतील 'च'ची काटेकोर सवय तेथे उणीव न ठरता उपयोगीच पडेल.