काळी, करडी, जावळ

दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडच्या कोरड्या पट्ट्यातले धनगर मेंढरं घेऊन मावळ-कोकणाच्या वाटेला लागतात. पुणे-सोलापूर रस्त्यालगत, लोणी काळभोरच्या शिवारात त्यांचा वाडा, म्हणजे कळपासह तळ, उतरलेला दिसला तर क्षणभर थांबून कळपाकडे पाहावं. लांबून सगळी मेंढरं काळी वाटतात. जवळ गेलं की कुणाच्या पोटाशी पांढरं, कुणाच्या पाठीवर करडं, तर केसांची टोकं उन्हानं तांबूस झालेली.

ही दख्खनी मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे तिचे प्रकार. तिची लोकर जाडीभरडी. बऱ्याच केसांचा गाभा पोकळ असल्यानं त्यांवर रंग सारखा चढत नाही. म्हणूनच आपल्या घोंगडीचे रंग मेंढीच्या अंगावरूनच आले, आणि सगळी कारागिरी निवडण्यात उतरली.

वर्षातून दोनदा कातरणी होते, त्याआधी मेंढरं धुतात. मग लोकर हातानं सोडवायची. त्यात कुसळं, सराटे, वाळलेलं शेण. हे काम सूत कातण्यापेक्षाही चिवट. राहिलेलं एक कुसळ सूत तोडतं आणि पुढे पाठीला टोचतं. त्याच बैठकीत काळी एकीकडे, पांढरी दुसरीकडे, करडी तिसरीकडे असे ढीग पडतात. कोकराची पहिली लोकर, जावळ, कधीच कशात मिसळत नाहीत. त्या केसाचं टोक कात्रीनं कापलेलं नसतं, निमुळतं असतं. म्हणून जावळाची घोंगडी मऊ लागते. वय वाढेल तसा मेंढीचा काळा रंग फिका पडतो, त्यामुळे काळंभोर हवं असेल तरीही जावळच.

खरी गंमत पिंजण्यात आहे. धनुकलीची तात लोकरीवर आपटली की गुंता सुटून केस न् केस मोकळा होतो. काळी-पांढरी लोकर एकत्र घेऊन पुन्हा पुन्हा पिंजली तर सपाट राखाडी रंग मिळतो. एकदाच हलकी पिंजली तर सुतात काळ्या-पांढऱ्या रेघा राहतात आणि कापड जिवंत दिसतं. परदेशातले हौशी कातणारे रंगवलेल्या लोकरीचे पट्टे जोडून हाच परिणाम साधतात. आपल्या बायका चरख्यावर बसण्याआधी तो पिंजतानाच ठरवत आल्या. मला हे रंगशास्त्रच वाटतं, आणि त्याची नोंद फार थोडी झाली याचं वाईट वाटतं.

सुतानंतर येतं विणकाम. खुटेकर धनगर मेंढरंही राखत आणि घोंगडीही विणत. सणगरांचा धंदा विणकामाचाच. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोपडली की ते मागावर टिकतं. याच धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांवरचा ग्रंथ जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी 1976 साली प्रसिद्ध केला; त्यामुळे धनगरांची दैवतं अभ्यासकांपुढे आली. धनगरांच्या लोकरीला मात्र तसा अभ्यासक मिळायचा आहे.

आज मेंढी पाळतात ती मुख्यतः मांसासाठी. जाड लोकरीला भाव नाही, कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, म्हणून ती बांधावर पडून राहते. पुण्यात गोखलेनगरला मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. तिथून एवढं जरी झालं की कातरणीच्या दिवशी वाड्यावर चार रिकामी पोती पोहोचली, काळ्याचं, पांढऱ्याचं, करड्याचं आणि एक छोटं जावळाचं, तरी कातणारीच्या हाती पुन्हा रंग येतील.