कर्ज शिलाई मशीनचं, पैसा दवाखान्यात

साकीनाका, असल्फा भागातल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी अम्मींनी गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलंय. कागदावर कारण असतं शिलाई मशीन, जरीकाम, नाश्त्याची गाडी. घरात कुणाला टायफॉइड झाला, सासूची शुगर वाढली की तोच पैसा दवाखान्यात जातो. मशीन येत नाही, हप्ता मात्र सुरू होतो.

कर्जाआधी गटाला ट्रेनिंग मिळतं. हप्ता किती, सही कुठे, एकीने भरला नाही तर बाकीच्यांनी काय करायचं. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने खेड्यांसाठी रुजवलेली ही पद्धत मुंबईच्या वस्त्यांतही आली. त्यात आजारपणाचा विषय क्वचितच निघतो, आणि घर तर तिथेच बुडतं.

विम्याचंच बघा. कर्जातून विम्याचे पैसे कापले की बहिणींना वाटतं, आता दवाखान्याची सोय झाली. बहुतेक वेळा तो जीवनविमा असतो. कर्जदार किंवा नवरा वारला तर उरलेलं कर्ज फिटतं; तापाला, ऑपरेशनला काही मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे असा विमा तुमच्या संमतीनेच देता येतो, त्याचे पैसे लोन कार्डावर लिहावे लागतात आणि कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. सातवीतल्या पोराकडून वाचून घ्या, त्याला जमतं.

याच नियमांत सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं आहे. म्हणजे 20,000 कमाईला जास्तीत जास्त 10,000. उरलेल्यात भाडं, राशन आणि बीपीच्या गोळ्या बसतात का, हा हिशोब सहीच्या आधी आपणच मांडायचा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या आजारांसाठी, ठरलेल्या हॉस्पिटलांत आणि बहुतेक वेळा भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्यांसाठी पालिकेचे दवाखाने, 2022 पासूनचा ‘आपला दवाखाना’, घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर. रांगेत दिवसाची मजुरी बुडते, म्हणून लोक नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही.

वेगळा रस्ता आपल्याच राज्यात आहे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये मुंबईत खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने पुण्यात कर्जाच्या जोडीला सभासदांचा आरोग्य निधी उभा केला. वर्षाची वर्गणी भरायची, हॉस्पिटलचं बिल आलं की निधीतून मदत.

आपल्या गल्लीत बिशी चालतेच, तिच्यात सूदही नाही. तिच्याच बाजूला आजारपणाचा डबा ठेवता येईल. वीस जणींचे महिन्याला शंभर, म्हणजे वर्षाला 24,000. वही लिहायला कुणी नसेल तर शाळेत या, शिकवू.