यंत्राचा ताप
लॅपटॉप तापला हे मांडीला कळते. किती, हे सांगणारे तापमापक आतच असतात. पण लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीला त्यांचा ठावठिकाणा पुष्कळदा ठाऊक नसतो. मग ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही आज्ञा आतल्या एकेका पत्त्यावर दार ठोठावते, आणि उत्तरावरून तेथे कोण राहतो हे ताडते. हे निर्धोक मात्र नव्हे. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडांत अशा ठोठावण्यानेच एका स्मृतिचिपेतील मजकूर बिघडला आणि यंत्रे सुरूच होईनात! म्हणून ही आज्ञा पावलोपावली परवानगी मागते. आजच्या इंटेल प्रोसेसराचा तापमापक याहून सोपा सापडतो. पण कमाल मर्यादेला किती अंश उरले, एवढेच तो सांगतो. वजाबाकी ‘कोअरटेम्प’ करतो. फाइलीत ४७००० दिसले तर दचकू नये. तो आकडा अंशाच्या हजाराव्या भागांचा, म्हणजे ताप ४७ अंश.