सवलत बिल्डरची, हिस्सा मात्र तुमचाच

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा असे मुहूर्त जवळ आले की यवतमाळच्या आर्णी रोड, दारव्हा रोड परिसरात नव्या सदनिकांचे फलक झळकू लागतात. 'आजच नोंदणी करा, दोन लाखांची सूट मिळवा' हे वाचून नोकरदाराच्या मनात साहजिकच विचार येतो, की बँक स्वतःचा म्हणून जो हिस्सा मागते, त्यात ही सूट धरता येणार नाही का?

उत्तर स्पष्ट आहे : सहसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. उरलेली रक्कम ग्राहकाने स्वतः उभी करायची असते. बँक करारनाम्यातील किंमत आणि आपल्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांपैकी जी कमी, ती साधारणपणे विचारात घेते.

उदाहरण पाहू. सदनिकेची किंमत ३० लाख असेल, तर कर्ज २७ लाख आणि स्वतःचा हिस्सा ३ लाख. बिल्डरने २ लाखांची सूट दिली, की करारनामा २८ लाखांचा होतो. कर्ज २५ लाख २० हजार आणि हिस्सा २ लाख ८० हजार. म्हणजे दोन लाखांच्या सवलतीने हातची रोकड वाचली ती अवघी २० हजार! बाकीचे १ लाख ८० हजार कर्जातून कमी झाले. ही सूट वाया मात्र जात नाही. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांत तेवढ्या कर्जाची परतफेड सुमारे पावणेचार लाख रुपये होते.

येथेच एक पळवाट सुचवली जाते. 'करारनाम्यात ३० लाखच लिहू, दोन लाख मिळाल्याची पावती देऊ.' न दिलेल्या पैशांची ही पावती म्हणजे बँकेची फसवणूक होय. त्यावर सही ग्राहकाची असते. उघडकीस आल्यास बँक कर्जाची संपूर्ण रक्कम एकदम परत मागू शकते. शिवाय वाढीव किमतीवर मुद्रांक शुल्क आणि वाढीव कर्जावर व्याज भरावे लागते, ते वेगळेच. ब्रिटनमध्ये काही कर्जसंस्था बिल्डरची सवलत मर्यादित प्रमाणात ग्राहकाच्या हिश्श्यात धरतात. परंतु तेथेही ती कर्जसंस्थेला लेखी कळवावी लागते.

मग रोख रकमेची अडचण असणाऱ्याने काय करावे? २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने मुद्रांक व नोंदणी शुल्क घराच्या किमतीत न धरण्याची सूचना बँकांना दिली आहे. २०१५ मध्ये १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यातून सवलत मिळाली. इतरांना हा खर्च खिशातूनच करावा लागतो. म्हणून किमतीत सूट मागण्याऐवजी हे शुल्क बिल्डरने भरावे, असा आग्रह धरता येतो. त्यात वाचलेला प्रत्येक रुपया थेट आपल्या रोकडीतला असतो. मात्र ही बाब लेखी घ्यावी आणि बँकेलाही सांगावी.

सूट फार मोठी असेल तर रेडी रेकनरचा दरही पाहावा. करारातील किंमत त्याहून कमी असली, तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या मूल्यावरच आकारले जाते. तफावत १० टक्क्यांहून अधिक असल्यास ती खरेदीदाराचे उत्पन्न समजून प्राप्तिकर लागू शकतो.

शेवटी, २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना रेरा नोंदणीतून सूट आहे. अशा लहान इमारतीत घर घेताना अधिकच सावध राहावे. सुटीच्या मोहात घाईने इसार देण्यापूर्वी बँकेकडून कर्जाचा नेमका आकडा काढून घ्यावा. घराचा पाया तेथूनच पक्का होतो.