पडद्यावरचा सारीपाट

सन २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली. सोलापुरातील यंत्रमागांची खडखड थांबली, शाळांना कुलपे लागली आणि माणसे आपापल्या घरांत अडकून पडली. त्या दिवसांत पुष्कळ घरांतून एक खेळ मोठ्या आवडीने खेळला जाऊ लागला. आजोबा माजघरात, नात गच्चीवर, मामा पुण्याला आणि आत्या हैदराबादेला. तरी चौघांचा डाव एकाच पटावर रंगत असे. पट मात्र कोणाच्याच पुढे पसरलेला नसे. तो असे मोबाइल फोनच्या काचेवर. ‘लुडो किंग’ हे त्या खेळाचे नाव.

हा खेळ परदेशातून आलेला नव्हे. नवी मुंबई येथील विकाश जयस्वाल यांच्या कंपनीने तो २०१६ साली तयार केला. २०२० साल संपेपर्यंत लोकांनी तो पन्नास कोटींहून अधिक वेळा आपापल्या फोनवर उतरवून घेतला होता. आणि मौज अशी की, ज्याला आपण लुडो म्हणतो, तो मुळात आपल्याच पचिसीचा अवतार होय. पचिसी कवड्यांनी खेळत. कवड्यांचे सर्वांत मोठे दान पंचवीस, म्हणून हे नाव. इंग्रजांनी हा खेळ येथे पाहिला, कवड्यांच्या जागी चौकोनी फासा घातला, नियम सुटसुटीत केले आणि १८९६ साली इंग्लंडात त्याचे पेटंटही घेतले. ‘लुडो’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ ‘मी खेळतो’. असा सारा प्रवास करून घरचा खेळ पुन्हा घरी आला, तो काचेवर बसून.

अलीकडे लोक खेळतात ते सर्वच पडद्यावरचे खेळ काही असे ओळखीचे नसतात. २०१८ नंतर ‘पब्जी’ नावाच्या खेळाने तरुणांना वेड लावले. त्यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, भोवतालचे वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. पुढे २०२१ साली तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला. ‘फ्री फायर’ हाही त्याच जातीचा. त्याशिवाय मोटारींच्या शर्यती आहेत, क्रिकेट आहे, एकसारखे रंग जुळवून गोळ्या फोडण्याचे खेळ आहेत. यांची यादी करण्यात अर्थ नाही, कारण ती दर पावसाळ्याला बदलते. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत, फासाही नाही. मग खेळ चालतो कशावर?

पूर्वी आपल्याकडे सारीपाट बहुधा कापडाचा शिवलेला असे. काचेवरचा पट कसा तयार होतो हे समजण्यासाठीही कापडाकडेच जाणे सोईचे आहे, आणि सोलापूरकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागात ज्या चादरी विणल्या जातात, त्यांवरील वेलबुट्टी प्रथम चौकटींच्या कागदावर काढतात. कागदावरील प्रत्येक बारीक चौकोन म्हणजे एका उभ्या व एका आडव्या धाग्याची भेट. कोणत्या चौकोनात कोणता धागा वर दिसावा हे ठरले की, त्यानुसार पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात आणि ते पत्ते ओळीने जकार्ड यंत्रावर चढवतात. जेथे भोक आहे तेथील उभा धागा उचलला जातो. जेथे भोक नाही तेथील खाली राहतो. यंत्राला फुलाची कल्पना नसते. त्याला ठाऊक असते ते एवढेच: भोक आहे किंवा नाही. तरीही चादरीवर फूल उमलते.

जोसेफ जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पूर्णत्वास नेली. पुढे तीसएक वर्षांनी चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच भोकांचे पत्ते घ्यावयाचे ठरवले. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच खुणांनी यंत्राला हुकूम देता येतो, हा विचार टिकला. आजचा संगणक त्याच विचारावर चालतो, आणि खिशातला मोबाइल फोन हा एक छोटा संगणकच होय.

फोनचा पडदा म्हणजे अशीच एक चौकटींची चादर समजा. नेहमीच्या फोनवर १०८० उभ्या व २४०० आडव्या ओळी असतात, म्हणजे जवळजवळ सव्वीस लक्ष ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता हे संगणक ठरवतो. खेळ चालू असताना ही चादर बहुधा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवली जाते. सोंगटी एका घरातून दुसऱ्या घरात सरकताना दिसते, तेव्हा प्रत्यक्षात काहीच सरकत नाही. जुनी चादर जाऊन किंचित निराळी चादर आलेली असते.

पट समजला. फासा मात्र अधिक अवघड आहे. हातातला फासा आपण खुळखुळवतो, फेकतो, तो गडगडतो, आणि काय पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. संगणक हा तर हुकमाचा ताबेदार. तो मनाने काही करू शकत नाही; मग तो दान कसे टाकतो? तो हिशेब करतो, आणि हिशेबाचे उत्तर अनपेक्षित वाटावे अशी व्यवस्था आधीच केलेली असते.

कागद-पेन्सिल घेऊन तुम्हांला हा फासा स्वतः करून पाहता येईल. कोणतीही एक संख्या घ्या; समजा, ८. तिला ५ ने गुणा, ३ मिळवा आणि येणाऱ्या संख्येला १६ ने भागून बाकी घ्या. ४३ ला १६ ने भागल्यास बाकी ११ उरते. ही झाली नवी संख्या. तिच्यापासून दान काढण्यासाठी तिला ६ ने भागा व बाकीत १ मिळवा. ११ ला ६ ने भागून बाकी ५, अधिक १. दान पडले ६! आता ११ वर पहिलीच कृती करा. ५८ ला १६ ने भागून बाकी १०, दान ५. असेच पुढे गेल्यास दाने पडतात ती अशी: ६, ५, ६, १, ४, ३. कोणाला दाखवली तर तो म्हणेल, हातानेच फासा टाकला असावा.

परंतु येथे थांबू नका. आणखी दहा वेळा हिशेब करा, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येईल. चौथ्या दानापासून सोळाव्या दानापर्यंत ६ एकदाही पडत नाही. कारण सोपे आहे. १६ ने भागल्यावर ० ते १५ अशा सोळाच बाक्या संभवतात, आणि सोळा वस्तू सहा जणांत सारख्या वाटता येत नाहीत. १, २, ३ आणि ४ यांच्या वाट्याला तीन-तीन संख्या येतात. ५ आणि ६ यांच्या वाट्याला दोन-दोनच. म्हणजे आपला फासा खोटा निघाला! सोंगटी बाहेर काढण्यासाठी ज्याला ६ हवा आहे, त्याच्यावर यात अन्याय होतो, आणि दानांकडे नुसते बघून तो त्याला सहजासहजी कळणार नाही. प्रत्यक्षातल्या खेळांत सोळाऐवजी अतिशय प्रचंड संख्या वापरतात, त्यामुळे असा उणेपणा जाणवण्याइतका राहत नाही. तथापि लाकडी फासा खोटा वाटला तर तो हातात घेऊन पाहता येतो. काचेआडच्या फाशाचा हिशेब आपल्यासमोर मांडलेला नसतो. तो मांडणाऱ्यावर विश्वास ठेवूनच आपण खेळतो.

फासाच नव्हे, तर खेळातील इतर पुष्कळ गोष्टी अशाच कोणी तरी आधी योजून ठेवलेल्या असतात. घरातल्या लुडोचा डाव संपला की पट गुंडाळून ठेवतात. पडद्यावरच्या कित्येक खेळांत डाव संपताच दुसऱ्या डावाचे बटण पुढे येते. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, अशी योजना असते. हे आपोआप होत नाही. बहुतेक खेळ फुकट मिळतात; मग त्यांचा खर्च निघतो तो मध्ये मध्ये दिसणाऱ्या जाहिरातींतून आणि खेळातील पोशाख, नक्षीदार शस्त्रे वगैरे विकून. खेळणारा जितका वेळ पडद्यासमोर बसेल तितका धंदा अधिक. म्हणून ‘आता पुरे’ असे वाटण्याची जागा खेळात शक्यतो ठेवलेलीच नसते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळणेवाला दोन-चार फेऱ्या झाल्या की पाळणा थांबवतो, कारण खाली नवी रांग उभी असते. फोनच्या खेळात रांगच नाही.

याहून गंभीर प्रकार पैसे लावून खेळण्याचा. पत्त्यांचे आणि लुडोसारखे खेळ इंटरनेटवरून पैशांवर खेळवणारे पुष्कळ झाले, आणि कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांना मनाई केली. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. पैसे न लावता खेळावयाच्या खेळांना आणि त्यांच्या स्पर्धांना त्या कायद्याने अटकाव केलेला नाही.

पत्त्यांना भोके पाडणारा कोणी असतो, तसा खेळ रचणाराही कोणी असतो, आणि तो काही दूरदेशीच असतो असे नाही. पुण्यातील एका लहानशा मंडळीने ‘राजी’ नावाचा खेळ २०२० साली जगापुढे आणला. प्राचीन भारतातील राजी ही मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा. त्यातील चित्रे पहाडी शैलीच्या चित्रांवरून सुचलेली आहेत, आणि कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने दाखवले आहेत. २०२४ साली पुण्यातच तयार झालेला ‘इंडस’ हा लढाईचा खेळही लोकांसमोर आला. अशा कामाला चित्रकार लागतो, संगीतकार लागतो, कथा सांगणारा लागतो. आणि गणित जाणणारा तर लागतोच लागतो.

तो का लागतो, हे पाहावयाचे असल्यास आपला खोटा फासा दुरुस्त करण्याचा यत्न करा. १८ वस्तू सहा जणांत सारख्या वाटता येतात. तेव्हा १६ सोडून १८ घेऊ. संख्येला ७ ने गुणावे, ५ मिळवावे आणि १८ ने भागून बाकी घ्यावी. ८ पासून आरंभ केला तर ० ते १७ या अठराही बाक्या एकेकदा येतात, आणि प्रत्येक दान बरोबर तीन वेळा पडते. कोणावर अन्याय नाही. आता ही दाने क्रमाने लिहून काढा: २, १, ६, ५, ४, ३, २, १, ६, ५... फासा अगदी न्यायी झाला. पण पुढचे दान कोणते हे आता पटाभोवती बसलेले लहान मूलही सांगेल!